पांढऱ्या सदऱ्याच्या मागे

बाबा,

परवा बुद्धपौर्णिमेला मी कुंडमच्या रस्त्यावर सायकल चालवून आले. या वयात, गुडघ्याला पट्टा बांधून. तुमची नात म्हणाली, "आई, तू माझ्या मागे स्कूटरवर बस, आपण थेट तिकडेच भेटू सगळ्यांना." मी तिच्याकडे असं काही पाहिलं की ती मुकाट्याने माझं हेल्मेट शोधायला गेली. आता इथे जबलपुरात सायकलवाल्यांचा एक ग्रुप आहे. त्यात डॉक्टर आहेत, बँकेतली मुलं आहेत, फॅक्टरीतले तरुण इंजिनिअर आहेत, दोन-तीन घरच्या सुनाही आहेत. सणावाराला ही मंडळी रात्रीची राइड काढतात. सायकलींना पुढे पांढरे दिवे, मागे लुकलुकणारे लाल दिवे, अंगात चमकणारी जाकिटं, आणि सगळ्यांच्या मागून एक गाडी, तिच्यात केळी, पाणी नि पंक्चरचं सामान. कोणीतरी गाणीही लावली होती. तुम्ही पाहिलं असतं तर म्हणाला असता, "हे सायकल चालवून राहिले का दिवाळी करून राहिले?" पण पोरं गुणी आहेत. चढावर मला दम लागला तेव्हा त्यांनी न बोलता वेग कमी केला, आणि मला कळू नये म्हणून आपापसात हवेच्या गप्पा मारत राहिली.

नाल्याच्या पुलावर सगळे पाणी प्यायला थांबलो तेव्हा एका मुलीने विचारलं, "आंटी, आपके टाइम में भी ऐसी राइड होती थी क्या?" मग काय, आपल्या त्या पौर्णिमेची गोष्ट मी सुरूच केली. हिंदीत सांगितलं, कारण त्यांच्यात मराठी समजणारी दोघं-तिघं, आणि बोलणारी मी एकटी. पोट धरधरून हसली सगळी. एकाच्या तर तोंडातलं केळं रस्त्यावर पडलं. मीही हसले. परत येताना मात्र ध्यानात आलं की गोष्टीचा शेवट मी त्यांना तुमच्यासारखाच सांगितला, तुम्हाला ठाऊक होता तेवढाच. त्यापुढचं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. म्हणून आज लिहायला बसले.

फॅक्टरीचं आपलं ते दोन खोल्यांचं क्वार्टर आठवा. मागच्या खोलीत, ज्वारीच्या कोठीला टेकून एक लेडीज सायकल उभी आहे. तुमच्या सेक्शनमधला कोणी बदली होऊन गेला, त्याच्या मुलीची ती. तुम्ही ती माझ्यासाठी घेऊन आलात आणि आईने त्याच संध्याकाळी कुलूप लावून किल्ली पदराला बांधली. मैदानात चालवायची तर किल्ली मागायची, आणि मागितली की आईचा चेहरा असा व्हायचा की जणू मी तिची बोटं मागतेय. माझी आठवी झाली होती. आपल्याजवळच्या शाळेत मुलींना गृहविज्ञानच होतं. गणित-विज्ञान हवं तर चेरीतालची शाळा, आणि चेरीताल म्हणजे शहराचं पार दुसरं टोक. तुमची पहाटेची शिफ्ट, त्यामुळे सोडायला कोणी नाही. सायकल मिळाली तर मी शिकणार, नाहीतर पापड लाटायला शिकणार. एवढं साधं होतं ते. तुम्ही रोज जेवताना विषय काढायचात, "अवं, जाऊ दे ना पोरीले," आणि आई वाढता वाढता थांबायची. "काहून? रस्त्यात काही झालं तं कोण हाय आपलं इथं? तुमचे भाऊ भंडाऱ्याहून धावत येतीन का?" तुम्ही नोकरीला आलात तेव्हा भंडारा काय नि जबलपूर काय, एकच प्रांत होता. मग राज्यांच्या नव्या सीमा आखल्या आणि आपली सगळी माणसं पलीकडे गेली. आईला ती सीमा फार जवळून दिसायची. तुम्ही भात कालवत राहायचात. तुमचं घरात चालत नसे, बाबा. हे मी तुम्हाला टोचायला लिहीत नाही, सगळ्या क्वार्टर्सना ते ठाऊक होतं. मिशीला पीळ देऊन युनियनच्या मीटिंगमध्ये साहेबांना गप्प करणारा माणूस, घरी आला की आईने "पाय धुवा" म्हटल्यावर पुन्हा पाय धुवायचा.

शेवटी अट आईनेच घातली. "पौर्णिमेले बाबासंग जाऊन ये. जाता-येता कोणाच्या कॅरिअरवर बसायचं नाही. रडायचं नाही. मंग पाहू."

पौर्णिमेची ती राइड म्हणजे तुमच्या सेक्शनची परंपरा. सकाळी विहारात वंदना व्हायची, आणि चंद्र वर आला की पांढरे सदरे, पांढरे पायजमे घालून सगळे सायकलींवर निघायचे. कुंडमच्या अलीकडे एका गावात जंगल खात्यात नोकरीला आलेली आपली चार घरं होती, तुमच्या सेक्शनमधल्या लेथकाकांची बहीण त्यातलीच. त्यांनी एका खोलीत बुद्धमूर्ती ठेवली होती. तिथे आपण खीर घेऊन जायची. खिरीचे गंज कॅरिअरवर जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळून बांधलेले, झाकणाभोवती कणीक लिंपलेली. आणि नियम सगळे लेथकाकांचे. दिवसभर लेथवर उभं राहून त्यांचे कान बधिर झालेले, म्हणून त्यांनीच ठरवलं होतं की नाल्याचा पूल ओलांडला की बोलणं बंद. वर्षातून एक रात्र तरी कानाला सुट्टी पाहिजे. पुलापासून डायनमोही बंद, कारण तो टायरला टेकला की चाक जड होतं आणि घुर्र घुर्र करतं, आणि एवढा चंद्र असताना दिवा कशाला. तिसरा नियम, जो सगळ्यात कच्चा तो पुढे, म्हणजे कोणी मागे सुटत नाही. त्या वर्षी कच्ची मीच. वाट दाखवायला माझ्या पुढे फक्त लेथकाका, मागे तुम्ही, तुमच्या मागे सगळा सेक्शन.

पुलावर तुम्ही माझ्या सीटची उंची तपासली, पुन्हा तपासली, आणि म्हणालात, "काकाचा सदरा पाहत चाल, माय. बस." मग बोलणं बंद झालं. तो रस्ता मला अजून दिसतो. धुळीवर चांदणं सांडलेलं, दोन्हीकडे झाडं, मोहाचा उरलासुरला वास, आणि मागून येणाऱ्या चेनींची बारीक करकर. भीती वाटायला हवी होती, वाटत नव्हती. आपल्या मागे एवढे बाप आहेत म्हटल्यावर कसली भीती. मी सदरा पाहत होते. एका उतारावर लेथकाका भरभर पुढे गेले, वळणाआड झाले. मी वळण घेतलं तर सदरा पुन्हा समोर. मी त्याच्या मागे.

तो सदरा लेथकाकांचा नव्हता हे मला कुठून कळणार? लेथकाकांची चेन उतरली होती आणि ते झाडाच्या सावलीत बसून ती चढवत होते. त्याच वेळी बाजूच्या पायवाटेने एक गावकरी रस्त्याला लागला, त्याचाही सदरा पांढरा. लेथकाकांच्या डोळ्यांसमोरून आपली सगळी रांग त्याच्या मागे निघून गेली. ओरडले असते तर सगळे थांबलो असतो. पण मौन! स्वतः केलेला नियम स्वतः कसा मोडायचा? त्यांनी घंटी वाजवली. आपल्याला वाटलं, रांगेतलंच कोणीतरी उत्साहाने वाजवतंय, म्हणून सगळ्यांनीच वाजवली.

आता त्या गावकऱ्याचं काय झालं असेल, त्याचा विचार करा. तो शहरातून, सराफ्यातून येत होता. मुलीचं लग्न ठरलेलं, तिच्यासाठी घडवलेले चांदीचे तोडे गाठोड्यात बांधून कॅरिअरला लावलेले. घंट्या ऐकून त्याने मागे पाहिलं. पांढऱ्या कपड्यातली रांगच्या रांग, ना दिवा, ना शब्द. त्याने पायडल जोरात मारलं. मला वाटलं, काका माझी परीक्षा घेतायत. मीही मारलं. मी वेग घेतला म्हणून तुम्ही घेतला, तुम्ही घेतला म्हणून सेक्शनने घेतला, आणि खीर डचमळायला लागली. तो रस्ता सोडून जंगलातल्या गाडीवाटेला वळला. आपणही वळलो, अगदी शिस्तीत. त्याचं गाठोडं पडलं. तुम्ही काकांचं समजून ते चालत्या सायकलवरून वाकून उचललंत आणि खांद्याला अडकवलंत. माझ्या छातीत भाता चाललेला, पायात गोळे आलेले, आणि डोक्यात एकच की उतरायचं नाही, उतरले की किल्ली गेली.

तो स्वतःच्या गावात शिरला तो थेट कुंपणावर जाऊन आदळला. "अरे दौड़ो रे! पीछे पूरी पलटन लगी है! सफेद-सफेद! ना बत्ती, ना आवाज!" माणसं लाठ्या घेऊन बाहेर आली. सगळ्यांच्या पुढे मी. मी त्या माणसाकडे पाहून, धापा टाकत, अभिमानाने म्हणाले, "काका, मी एकदाही उतरली नाही!" आणि तोंड पाहिलं तर माणूस दुसराच. मागे सेक्शन उभा, आणि कोणी बोलेना. कोणाला मौन आठवत होतं, कोणाची वाचा गेली होती. तेव्हा एक म्हातारी कंदील घेऊन पुढे आली. तिने तो माझ्या तोंडाजवळ धरला, माझ्या गालावरून हात फिरवला आणि तो लुगड्याला पुसला. "अरे, जे तो मोड़ी है!" मुलीला तिकडे मोडीच म्हणतात. "पसीने से तर है. भूत खों कहूँ पसीना आत है?"

बाबा, तुम्ही वस्तीत कितीदा भाषण ठोकलं होतं की भूत-बित काही नसतं, मेलेला माणूस परत येत नाही, अंगारेधुपारे बंद करा. आणि तुम्हालाच भूत समजून एक गाव काठ्या घेऊन उभं होतं. तुम्ही हात जोडून पुढे झालात. "भैया, हम फैक्टरी वाले हैं. आज हमारी पूर्णिमा है. खीर लाए हैं." मग खांद्यावरचं गाठोडं त्या माणसापुढे धरलंत. त्याने ते आधी छातीशी धरलं, मग सोडून पाहिलं, आणि खाली बसून लहान मुलासारखा रडला. कोणीतरी हसलं. मग दुसरं हसलं. मग सगळं गाव आणि सगळा सेक्शन एकदम. खिरीचे दोन गंज तिथेच उघडले. पानाचे द्रोण आले. ती म्हातारी मला भरवायला लागली आणि मी लाजेने मान खाली घालून खात राहिले, कारण मला तेव्हा कळत होतं की वाट मी चुकवली, मीच पुढे होते, आणि आईला हे समजलं की संपलं. तुम्ही माझ्या शेजारी उकिडवे बसला होतात. तुम्हाला सगळं दिसलं असणार. तुम्ही फक्त म्हणालात, "एका मोठ्या माणसाले दम निघेपर्यंत सोडलं नाही तू. चेरीताल काय चीज हाय?"

तोच माणूस आपल्याला रस्त्यापर्यंत सोडायला आला, आणि लेथकाका अजून त्याच झाडाखाली बसलेले. चेन चढवलेली, हाताची घडी, चेहरा लालबुंद, पण तोंड बंद. बहिणीच्या गावात पोचून वंदना झाल्यावर त्यांनी मौन सोडलं ते असं सोडलं की खीर थंड झाली तरी थांबेनात. येताना मात्र तुम्ही पुलावर सगळ्यांना थांबवलं आणि विनवलंत, "घरी कोणी काही सांगायचं नाही. पोरीचा सवाल हाय." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला म्हणालात, "आईनं विचारलं तं जेवढं विचारलं तेवढंच सांगजो."

आई ओट्यावर बसून होती. "बसली का कोणाच्या कॅरिअरवर?" नाही. "रडली का?" नाही. "रस्ता सापडला बराबर?" तेव्हा तुम्ही मध्येच म्हणालात, "आलो ना आपण घरी!" आणि विषय बदलायला पाय धुवायला गेलात, कोणी न सांगता. मी म्हटलं, "आई, भूक लागली." "खीर खायले गेली होती ना?" असं पुटपुटत तिने मला भाकरी नि वरण वाढलं, आणि मी कितीतरी खाल्लं. ती समोर बसून पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी तुम्ही शिफ्टला गेलेले. आई नळावरून पाणी घेऊन आली, हंडे ठेवले, पदराची गाठ सोडली आणि सायकलची किल्ली दाराजवळच्या खिळ्याला अडकवली. दुपारी तुम्ही घरी आलात, खिळ्याकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत, आणि आईची पाठ वळताच ओठांतल्या ओठांत म्हणालात, "जिंकलो, माय."

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. चेरीतालची शाळा, मग कॉलेज, मग तुमच्याच फॅक्टरीच्या लॅबमध्ये नोकरी. पहिल्या दिवशी गेटवर तुम्ही तुमच्या सायकलवर आणि मी माझ्या. तुम्ही गेटवाल्याला म्हणालात, "ये हमारी बेटी, साइंस वाली," आणि तो म्हणाला, "मालूम है, दादा, दस बार बता चुके." आणि दर बुद्धपौर्णिमेला संध्याकाळी पाहुणे जमले की तुमची ती गोष्ट. गावकऱ्याने मागे वळून पाहिलं इथे तुमचा आवाज खाली यायचा, कारण आई स्वयंपाकघरात असायची. नेमकी तेव्हाच तिची भांडी आपटायची, ताटं, परात, झाकणं. तुम्ही डोळे मिचकावून म्हणायचात, "तिले आजवर पत्ता नाही." संसारात एकदा, फक्त एकदा, तुम्ही आईला चकवलं होतंत, आणि ते तुम्ही पुरवून पुरवून खाल्लंत.

आता न सांगितलेलं सांगते. तुमची नात शिकायला बाहेरगावी हॉस्टेलमध्ये जायचं म्हणत होती आणि मी अडून बसले होते. मी, जिने तुमच्याकडून सगळं घेतलं होतं, मीच म्हणत होते, काही झालं तर कोण आहे तिथे आपलं. तुम्ही व्हरांड्यात रेडिओ लावून बसला होतात. आई डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तू काहून रोकून राहिली तिले?" मी म्हटलं, तूही मला रोखत होतीस. तेव्हा ती हसली. "मले दुसऱ्याच दिवशी नळावर समजलं होतं. लेथवाल्याची बायको हसून हसून सांगत होती, आमचे हे रातभर झाडाखाली, अन् सारा सेक्शन भूत होऊन दुसऱ्याच गावात म्हणे." एवढ्या नवऱ्यांनी माना डोलावल्या होत्या, पण एवढ्या बायका पाण्याला एकाच नळावर येतात, हे तुम्हा कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

"मंग किल्ली काहून दिली?" माझ्या तोंडून आपोआप तिचीच भाषा निघाली.

"भेव कशाचं होतं मले? का रस्ता चुकली तं पोरगी हातपाय गाळीन, कुठं बसून रडीन. तू तं चुकून आली, अन् आल्याबराबर जेवायले मागलं." तिने सुपातला एक खडा बाहेर टाकला. "म्हटलं, ही जाते आता. हिले अडवून काय करू?"

मी उठायला लागले, तुम्हाला सांगायलाच. तिने माझा हात धरला. "त्यायले सांगशीन नको. मले फसवलं म्हणून किती खुश रायतात." आणि मग मला ती भांड्यांची आपटाआपट समजली. तुमचा आवाज खाली आला की ती मुद्दाम भांडी वाजवायची, म्हणजे तिला ऐकू येतंय असा संशय तुम्हाला येऊ नये. वर्षानुवर्षं, दर पौर्णिमेला, तुमची गोष्ट नीट पार पडावी म्हणून. बाबा, मला त्या क्षणी तुम्हा दोघांवर इतकी माया आली की मी तिच्याजवळ पुन्हा खाली बसले आणि डाळ निवडायला लागले. बाहेरून तुम्ही चहा मागितलात. ती म्हणाली, "आधी पाय धुवा."

त्यानंतर तुम्ही काही वर्षं होतात, आणि मी गप्प राहिले. तुम्ही गेलात तेव्हाही आईने कोणाला सांगितलं नाही. मग तीही गेली. आता हे जाणणारी मी एकटी उरले आहे, आणि ते जड होतं म्हणून हे लिहिलं. मेलेला माणूस कुठे बसून पत्रं वाचत नाही हे मला ठाऊक आहे, तुम्हीच शिकवलंत, आणि माझा त्यावर पक्का विश्वास आहे. तरीही मी हे पाकिटात घालणार नाही, त्यावर तुमचं नाव लिहिणार नाही, आणि झोपण्याआधी फाडून टाकणार आहे. खरं सांगायचं तर भीती वाटते. चुकून तुमच्या हाती लागलं तर?